पहारा कॅमेऱ्याचा, दप्तर कॉम्प्युटरचे



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की त्यात बेणे, खोडवा, ठिबक असे काहीतरी असणार, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्तच आहे. परंतु गेल्या दोन-तीन हंगामांत गट कार्यालयात येणारे सभासद उसाच्या जोडीला आणखी एका गोष्टीची चौकशी करू लागले आहेत. विहिरीवर किंवा खताच्या खोलीवर कॅमेरा बसवायचा म्हणतो, कसा बसवावा? मुलाचा जुना कॉम्प्युटर घरात पडून आहे, त्यावर कॅमेऱ्याची चित्रे साठवता येतील काय? दुसरा प्रश्न काट्याबद्दल असतो. काट्यावर कॅमेरा आहे म्हणता, मग माझ्या गाडीचे चित्र मला आठ दिवसांनी बघायला मिळेल काय?

दोन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे. कॅमेरा फक्त बघतो. बघितलेले टिपून ठेवणे, तारीखवार लावणे आणि मागेल तेव्हा काढून देणे हे काम त्याच्यामागे बसलेल्या यंत्राचे आहे. कॅमेरा घेताना आपण दहा दुकाने फिरतो आणि मागच्या यंत्राकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. मग चोरी झाल्यावर कळते की पहारेकरी जागा होता, पण त्याला काही आठवत नाही. म्हणून या लेखात कॅमेऱ्यापेक्षा त्याच्या दप्तराबद्दल अधिक लिहीत आहोत.

बघणे वेगळे, जपणे वेगळे

कॉम्प्युटरला कॅमेरा जोडण्याची युक्ती आजची नाही. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला. भांडे एका खोलीत आणि माणसे इमारतभर पसरलेली. जिने चढून जावे तर भांडे रिकामे! म्हणून त्यांनी कॅमेऱ्याची तार एका कॉम्प्युटरला जोडली आणि ते चित्र सगळ्यांना आपापल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दिसेल अशी सोय केली. चित्र काळे-पांढरे आणि केवळ १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचे होते. १९९३ साली ते इंटरनेटवर आले आणि जगभरचे लोक ते भांडे बघू लागले. २००१ साली तो कॅमेरा बंद करण्यात आला.

या कॅमेऱ्याचे काम चालू घडीचे चित्र दाखवणे एवढेच होते. नवे चित्र आले की जुने गेले. भांड्यात कॉफी आहे का, हे त्यावरून कळे. काल संध्याकाळी ती कोणी संपवली, हे विचारून उपयोग नव्हता. आज आपल्याकडे मोबाईलवर शेत दिसते म्हणून समाधान मानणारे पुष्कळ जण आहेत. दिसते ते चांगलेच, पण रात्री दोन वाजता मोबाईल बघत कोण बसतो? आपल्याला हवे असते ते गेलेल्या रात्रीचे चित्र. ते मिळवायचे तर जपणुकीची सोय करावी लागते.

चित्र कॅमेऱ्यातून डिस्कवर कसे जाते

पूर्वी कॅमेऱ्याची गोल तार थेट कॉम्प्युटरमधल्या एका कार्डाला जोडत. ते कार्ड चित्राचे आकड्यांत रूपांतर करी आणि डिस्कवर लिही. पुढे त्याच कामासाठी डीव्हीआर नावाची तयार पेटी आली. हल्लीचे आयपी कॅमेरे त्याहून पुढचे आहेत. त्यांच्या पोटातच लहानसा कॉम्प्युटर असतो. चित्राचे आकडे तोच करतो, दाबून लहानही तोच करतो आणि नेटवर्कच्या तारेने पाठवून देतो. घरच्या कॉम्प्युटरला आलेला प्रवाह घ्यायचा आणि डिस्कवर साठवायचा, एवढेच काम उरते. म्हणून जुनासा कॉम्प्युटरही चार-सहा कॅमेऱ्यांना पुरा पडतो.

पाण्याच्या भाषेत सांगायचे तर कॅमेरा ही विहीर, तार ही पाइपलाइन आणि डिस्क हे शेततळे. तळे भरले की नवे पाणी घेण्यासाठी जुने बाहेर सोडावे लागते. डिस्कही तशीच. भरली की सर्वांत जुने चित्र पुसते आणि त्या जागी नवे लिहिते. हे आपोआप होते आणि कोणाला विचारून होत नाही.

नेटवर्कची तांब्याची तार एका दमात १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. त्यापुढे मध्ये स्विच घ्यावा, नाहीतर फायबर किंवा बिनतारी जोड घ्यावी. याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही देता येते, त्याला पीओई म्हणतात. वेगळी वीज ओढण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच कॉम्प्युटरवर चालावेत म्हणून २००८ साली तीन कंपन्यांनी मिळून ऑनव्हिफ नावाची समाईक पद्धत सुरू केली. कॅमेरा घेताना त्यावर ऑनव्हिफ आहे का, हे आवर्जून विचारावे. ते असले तर उद्या दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेतला तरी अडत नाही.

किती दिवसांचे चित्र राहील? हिशेब आधी मांडा

आमच्या एका गटातील सभासदाच्या विहिरीवरून साडेसात अश्वशक्तीची मोटर आणि सोबत केबलही गेली. नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे चार कॅमेरे होते, कॉम्प्युटर होता आणि सर्व चालूही होते. घरची मंडळी लग्नकार्यासाठी परगावी होती. पाण्याची पाळी आली तेव्हा मोटर नसल्याचे गड्याच्या ध्यानात आले. तोवर अकरा-बारा दिवस झाले होते. कॉम्प्युटर उघडला तर मागचे जेमतेम साडेसात दिवसांचेच चित्र शिल्लक. कॅमेऱ्याने चोर पाहिला असणार, पण त्याच्यावर नव्या दिवसांची चित्रे लिहून गेली होती.

आता यात यंत्राचा दोष काही नाही. हिशेब सरळ आहे आणि तो आधीच मांडता येतो. कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती पाठवतो त्याला बिटरेट म्हणतात आणि तो एमबीपीएसमध्ये मोजतात. १ एमबीपीएस प्रवाह चोवीस तास चालला तर १०.८ जीबी जागा लागते. म्हणून सूत्र असे:

बिटरेट × १०.८ × कॅमेऱ्यांची संख्या = रोज लागणारी जागा, जीबीमध्ये.

वरील सभासदांचा प्रत्येक कॅमेरा ३ एमबीपीएसवर होता. ३ × १०.८ × ४ = १२९.६ जीबी रोजचे. डिस्क १ टीबीची, म्हणजे १००० जीबी. भागाकार केला की ७.७ दिवस येतात. दुकानदाराला विचारायची गरजच नाही.

तेच चार कॅमेरे २ एमबीपीएसवर ठेवले तर रोज ८६.४ जीबी लागतात. डिस्क ४ टीबीची घेतली आणि दहावा हिस्सा मोकळा सोडला तर सुमारे ४१ दिवसांचे चित्र राहते. चित्र दाबण्याच्या दोन पद्धती प्रचारात आहेत, एच.२६४ आणि तिच्या नंतरची एच.२६५. दुसरीत तितक्याच स्वच्छ चित्राला साधारण निम्मी जागा पुरते. कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोघांनाही ती येत असेल तर तीच निवडावी.

किती दिवस ठेवावे याचा नियम आपल्या कामावरून ठरवावा. रोज नजर असते तेथे पंधरा दिवस पुरतात. जेथे पाण्याच्या पाळीलाच जाणे होते तेथे महिन्याच्या खाली नको. तुलनेसाठी सांगतो, पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांची चित्रे १८ महिने राहतील अशी यंत्रे घ्यावीत आणि तशी न मिळाल्यास निदान एक वर्षाची तरी असावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला आहे. तक्रार करणाऱ्याला उशीर होतो, हे न्यायालयालाही ठाऊक आहे.

दिसणे आणि ओळखू येणे

एकच कॅमेरा उंच लावून सगळे रान दाखवायचा मोह होतो. रान दिसते, माणूस मात्र मुंगीएवढा दिसतो. याचाही हिशेब आहे. २०१४ च्या आयईसी ६२६७६ या आंतरराष्ट्रीय मानकात असे धरले आहे की, अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची तर चित्रात दर मीटर रुंदीला २५० ठिपके हवेत. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ ठिपके चालतात. नुसते कोणीतरी आले एवढे कळायला २५ पुरतात.

साध्या फुल एचडी कॅमेऱ्याचे चित्र १९२० ठिपके रुंद असते. म्हणजे अनोळखी चोराचा चेहरा हवा असेल तर कॅमेऱ्याने साडेसात मीटर, अर्थात पंचवीस फूट रुंदीचीच जागा बघावी. गावातला माणूस ओळखायचा तर पन्नास फूट चालेल. अडीचशे फुटांचा पट्टा धरला तर कोणीतरी हलले इतकेच सांगता येईल. यावरून शहाणपण असे की, रान सगळे बघण्यापेक्षा वाट बघावी. चोर कोठूनही शिरला तरी मोटर खांद्यावर घेऊन तो गाडीवाटेनेच जातो. वाटेच्या तोंडाशी, छातीच्या थोडे वर कॅमेरा लावला तर एकाच कॅमेऱ्यात काम होते.

ऊस वाढतो हेही विसरू नये. आडसालीच्या लागणीच्या वेळी स्वच्छ दिसणारी विहीर पुढच्या वर्षी त्याच कॅमेऱ्यातून दिसत नाही, कारण मध्ये दहा-बारा फूट ऊस उभा असतो.

वाऱ्याने हलणारे पाचट

जागा वाचावी म्हणून हालचाल झाली तरच टिपायचे, अशी सोय सर्व प्रणालींत असते. ती खोलीत आणि गोठ्यात उत्तम चालते. उसाच्या कडेला मात्र तिची फजिती होते. कॉम्प्युटर एका चित्राची दुसऱ्याशी तुलना करतो आणि ठिपके बदलले की हालचाल समजतो. वारा सुटला की पाने हलतात आणि रात्रभर हालचालच हालचाल. रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य प्रकाशात कोळी काचेवर जाळे विणतो आणि किडे समोर घोंघावतात, त्याचीही नोंद होते. अशा पाचशे खोट्या सूचना आल्या की माणूस मोबाईलचा आवाज बंद करतो आणि पाचशेएकावी खरी असते.

उपाय तीन आहेत. पहिला, चित्रातला उसाचा भाग रेघ मारून वगळावा आणि वाटेवरची हालचाल तेवढी धरावी. दुसरा, आठवड्यातून एकदा काच फडक्याने पुसावी. तिसरा थोडा नवा आहे. अलीकडच्या प्रणाली चित्रातला माणूस, गाडी आणि जनावर यांत फरक करू शकतात. फ्रिगेट नावाची मोफत प्रणाली हे काम घरच्या कॉम्प्युटरवरच करते, चित्र बाहेर कोठे पाठवत नाही. काट्यासारख्या ठिकाणी मात्र हालचालीवर विसंबू नये, तेथे चोवीस तास टिपणच हवे.

कोणता कॉम्प्युटर आणि कोणती प्रणाली

तयार पेटी घ्यावी की कॉम्प्युटर वापरावा, असे विचाराल तर स्पष्ट सांगतो. घरात कॉम्प्युटरची जाण असणारे कोणी नसेल तर तयार पेटी बरी. बसवली की चालते. कॉम्प्युटरचे फायदे वेगळे आहेत. डिस्क हवी तेवढी मोठी घालता येते, बिघाड तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो, निरनिराळे कॅमेरे जोडता येतात आणि चित्राची प्रत काढणे सोपे जाते. मात्र त्याच्याकडे लक्ष द्यावे लागते. बैल घेतला तर वैरणीची सोय आपण बघतोच ना?

चार कॅमेऱ्यांसाठी गेल्या आठ-दहा वर्षांतला चार गाभ्यांचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम पुरते. कॅमेरा दोन प्रवाह देतो, एक मोठा व एक लहान. साठवायला मोठा आणि पडद्यावर बघायला लहान लावावा, म्हणजे यंत्र गुदमरत नाही. प्रणाली एका लहान एसएसडीवर आणि चित्रे वेगळ्या मोठ्या डिस्कवर ठेवावीत. ही मोठी डिस्क पहाऱ्याच्या कामासाठी केलेली मागून घ्यावी. साधी डिस्क अहोरात्र लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

विंडोजवर ब्लू आयरिस ही विकतची प्रणाली चालते. लिनक्सवर झोनमाइंडर आणि वर सांगितलेली फ्रिगेट या मोफत आहेत. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्यामुळे जुन्या यंत्रावर लिनक्स टाकणे जास्त श्रेयस्कर.

विजेचे गणितही करावे. टेबलावरचा जुना कॉम्प्युटर ८० वॅट घेत असेल तर दिवसाला १.९२ युनिट आणि महिन्याला सुमारे ५८ युनिट होतात. वहीएवढा लहान कॉम्प्युटर १५ वॅटमध्ये चालतो, त्याला महिन्याला अकरा युनिटही लागत नाहीत. यूपीएस तर पाहिजेच. वीज अचानक गेली की लिहिणे अर्धवट राहते आणि डिस्क बिघडते. याशिवाय कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू व्हावे असे एक कलम असते, ते लावून घ्यावे. नाहीतर रात्री वीज जाऊन आली तरी कॉम्प्युटर सकाळपर्यंत झोपलेलाच.

विहिरीवर जेथे ठराविक तासच वीज असते तेथे सौर पट्टीवर चालणारा सिमकार्डाचा कॅमेरा घेता येतो. त्याची चित्रे त्याच्या पोटातल्या कार्डावर असतात. चोराने कॅमेराच उपटून नेला तर दप्तरही गेले, हे धरून चालावे. याच कारणाने घरचा कॉम्प्युटरही ओसरीवर न ठेवता आतल्या खोलीत, कुलपात ठेवावा.

घड्याळ

चित्रावर कोपऱ्यात तारीख-वेळ उमटते. ती चुकली असेल तर चित्र असून नसल्यासारखे. मोटर रात्री दोनला गेली आणि चित्र म्हणते सायंकाळचे सहा, मग त्यावर कोण विश्वास ठेवणार? कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली आणि वीज गेली की घड्याळ भलत्याच वर्षावर जाते. ही बॅटरी किरकोळ किमतीची आहे. कॉम्प्युटरने वेळ इंटरनेटवरून घ्यावी आणि सर्व कॅमेऱ्यांनी ती कॉम्प्युटरकडून घ्यावी, अशी सोय करता येते. मग चारही चित्रांची वेळ एकच राहते.

किल्ली चोराच्या हाती देऊ नका

कॅमेरा नवा येतो तेव्हा त्याला कारखान्याहून एक ठराविक नाव आणि पासवर्ड दिलेला असू शकतो. बरेच लोक तो बदलतच नाहीत. याचा काय परिणाम होतो ते सन २०१६ मध्ये जगाने पाहिले. मिराई नावाच्या एका घातक प्रणालीने असे सुमारे साठ ठराविक पासवर्ड पाठ करून जगभरचे लाखभराच्या वर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या एकवटलेल्या माऱ्याने अमेरिकेतील एका मोठ्या इंटरनेट सेवेला जाम केले आणि ट्विटरसारखी नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पडली. मालकांना पत्ताही नव्हता की आपला दारावरचा कॅमेरा दुसऱ्याची चाकरी करतो आहे.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ती ही गोष्ट. पासवर्ड पहिल्या दिवशी बदलावा, तो गावाच्या नावाचा किंवा मोबाईल नंबराचा नसावा. कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा टाकू नये. बाहेरगावाहून बघायचे असेल तर व्हीपीएनने घरच्या जाळ्यात शिरून बघावे. बसवणाऱ्या माणसाने स्वतःचा पासवर्ड ठेवला असेल तर तोही काढून टाकावा. माणूस कितीही चांगला असला तरी घराची किल्ली त्याच्या खिशात कशाला?

पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात

चित्र सापडले की बरेच जण पडद्याचाच मोबाईलने फोटो काढून ठाण्यात जातात. पोलिसांना तपासाची दिशा द्यायला तो उपयोगी पडतो, पण पुरावा म्हणून त्याची किंमत कमी. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलेच एक प्रकरण प्रसिद्ध आहे. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ च्या निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला, असा वाद होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण त्यासाठी पुढे आले, पण सोबत कायद्याने सांगितलेला दाखला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला की, मूळ यंत्र हजर केले नसेल आणि प्रत दिली असेल तर दाखला आवश्यक आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला आहे. त्याच्या कलम ६३ खाली हा दाखला द्यावा लागतो. त्याचे दोन भाग आहेत, एक चित्र हजर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमत लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा. कॉम्प्युटर ती काही क्षणांत काढून देतो. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी ठसा बदलतो.

आपण एवढे करावे. चोरी कळली की सर्वांत आधी त्या वेळेचे चित्र मागे-पुढे तासाभराचे धरून वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवावे. मूळ फाइल तशीच राहू द्यावी, तिला कापूछाटू नये. डिस्क भरून ती पुसली जाण्याचा धोका असेल तर कॉम्प्युटर बंद करून डिस्क काढून ठेवावी. प्रत कोणी, केव्हा काढली ते कागदावर लिहून सही करावी. बाकीचे पोलीस आणि वकील सांगतील.

दुसऱ्याच्या अंगणात कॅमेरा नको

हंगामात ऊसतोड टोळ्या आपल्या वस्तीजवळ कोप्या घालून राहतात. त्यांत बाया-माणसे असतात, लेकरे असतात. आंघोळीला चार कापडांचा आडोसा असतो. आपल्या मोटरीवर लावलेल्या कॅमेऱ्यात तो आडोसा येता कामा नये. स्त्रीचे खाजगी चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कायद्याच्या आधी माणुसकीचीही गोष्ट आहे. कोपी कोठे पडणार हे हंगामाच्या तोंडावर ठरते, म्हणून टोळी आल्यावर कॅमेऱ्याचे तोंड पुन्हा तपासावे. शेजाऱ्याच्या दाराबाबतही हाच विचार ठेवावा. नको तो भाग काळा करून झाकण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते.

काट्याबद्दल दोन शब्द

काट्यावरच्या शंकेइतकी दुसरी कोणती शंका सभासदाच्या मनाला लागत नाही, हे आम्ही रानोरान हिंडताना रोज ऐकतो. अठरा महिने राबून आणलेल्या उसाचे वजन तीन-चार मिनिटांत ठरते. त्या वेळी सभासद बहुधा तेथे नसतो, वाहनवाला असतो. म्हणून काट्यावरचे चित्र ही सभासदाच्या विश्वासाची बाब आहे.

काट्यावर चित्राने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हेही समजून घ्यावे. गाडी पूर्ण काट्यावर उभी होती का, मागचे चाक बाहेर होते का, कोणी माणूस काट्यावर चढला होता का, आकडा स्थिर झाल्यावर पावती निघाली का, गाडी रिकामी होऊन केव्हा परतली, हे चित्रात दिसते. काटाच चुकीचे वजन दाखवतो का, हे कॅमेरा सांगू शकत नाही. त्यासाठी प्रमाणित वजने ठेवून काट्याची तपासणीच करावी लागते. दोन्ही मिळून शंका फिटते.

या चित्रालाही तोच नियम लागू आहे. डिस्क भरली की जुने जाते. शंका आली तर पावती घेऊन लगेच गट कार्यालयात यावे आणि लेखी अर्ज द्यावा. अर्जात पावती क्रमांक, वाहन क्रमांक, तारीख आणि पावतीवरची वेळ लिहावी. वेळ लिहिलेली असेल तर चित्र काही मिनिटांत सापडते. महिन्याने बिल हाती आल्यावर आठवण झाली तर कोणाचीही इच्छा असली तरी पुसलेले चित्र परत येत नाही.

घरी करून बघण्याचे काम

ज्यांच्याकडे आधीच कॅमेरे आहेत त्यांना आमची एक विनंती आहे. आज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसा आणि चालू चित्र न बघता मागचे चित्र उघडा. पुढील पाच गोष्टी तपासा.

१) सर्वांत जुने चित्र किती दिवसांपूर्वीचे आहे?

२) चित्रावरची वेळ मोबाईलच्या वेळेशी जुळते का?

३) मध्यरात्रीच्या चित्रात वाटेवरचा माणूस ओळखू येईल इतके स्वच्छ दिसते का?

४) दहा मिनिटांचा तुकडा पेन ड्राइव्हवर घरातल्या कोणाला काढता येतो का?

५) पासवर्ड शेवटचा कधी बदलला आणि तो आणखी कोणाकडे आहे?

पाचांतल्या एकाचे जरी उत्तर समाधानकारक नसेल तरी ते सुधारायला एक दिवस पुरतो. बैल गेला अन् झोपा केला असे होण्यापूर्वी तो एक दिवस काढावा. महिन्याच्या एकाच ठराविक तारखेला, समजा पाण्याच्या पाळीबरोबर, ही तपासणी करण्याची सवय लावली तर फारच उत्तम.

बिटरेटचा हिशेब मांडताना किंवा डिस्क निवडताना अडचण आली तर गट कार्यालयात यावे. कॅमेऱ्यांची संख्या आणि किती दिवसांचे चित्र हवे, एवढे कागदावर लिहून आणले तर आमचे कर्मचारी तेथेच आकडेमोड करून देतील. आणि येताना खोडव्याच्या खताच्या दुसऱ्या हप्त्याचे काय झाले, तेही सांगावे. ते विचारल्याशिवाय आम्ही सोडणार नाही!

आपला,
ऊस विकास अधिकारी